नवख्याच्या हाती आलेला सेल: ई-सिगारेटच्या बॅटरीचा इतिहास

#इतिहासधागा

१/२४
दुकानातून पेन्सिल सेल घेताना कोणी फारसा विचार करीत नाही. अधिक-उणे पाहायचे, सेल घड्याळात किंवा रिमोटमध्ये बसवायचा आणि विसरून जायचे, ही सवय कित्येक पिढ्यांच्या हाताला लागलेली आहे. २०१० नंतरच्या दशकात अमेरिका-युरोपातील असंख्य नवख्या ई-सिगारेट वापरणाऱ्यांनी याच सवयीने एक निराळा सेल विकत घेतला. दिसायला तो पेन्सिल सेलचा थोरला भाऊ होता. अंगातील शक्ती मात्र कित्येक पटींनी अधिक होती. तो कोणता घ्यावा आणि कसा बाळगावा, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न काहींच्या बाबतीत जिवावर बेतला.

२/२४
त्या सेलचे नाव १८६५०. नावातच त्याचे मोजमाप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार नळकांड्याचा. लॅपटॉपच्या बॅटरीत असे सहा-आठ सेल असत. २००८ साली टेस्लाची पहिली रोडस्टर मोटार रस्त्यावर आली, तिच्यात असे ६,८३१ सेल होते. मोटार चालवणारा हा सेल सुटा होऊन नवख्या माणसाच्या खिशात कसा पोहोचला, हे समजण्यासाठी सुरुवात लिथियमपासून करावी लागते.

३/२४
१९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम हे एक्सॉन या तेल कंपनीसाठी पुन्हा भारित करता येणाऱ्या लिथियम बॅटरीवर काम करीत होते. एका बाजूस शुद्ध लिथियम धातू आणि दुसऱ्या बाजूस टायटॅनियम डायसल्फाइड, अशी त्यांची रचना होती. ऊर्जा भरपूर मिळे. पण वारंवार भारित करताना लिथियमवर सुईसारखे अंकुर वाढत आणि ते दुसऱ्या ध्रुवाला भिडले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होई. प्रयोगशाळेत इतक्यांदा आग लागली की, लिथियमची आग विझवणाऱ्या खास रसायनांचा खर्च आता तुम्हीच द्या, असा इशारा अग्निशमन दलाने दिला.

४/२४
हा धोका प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूची भारणक्षम बॅटरी बाजारात आणली आणि ती जपानमधील मोबाइल फोनमध्ये वापरली जाऊ लागली. १९८९ साली आगीच्या घटनेनंतर त्या बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या आणि कंपनीची आर्थिक घडी कोसळली. शुद्ध लिथियम धातू सामान्य ग्राहकाच्या हाती देण्याजोगा नाही, हा धडा उद्योगाने तेव्हा घेतला. मोलीचे नाव मात्र येथे संपत नाही. ते पुढे पुन्हा येईल.

५/२४
वाट दुसरीकडून निघत होती. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा धन ध्रुवासाठी उत्तम पदार्थ असल्याचे दाखवले. १९८५ साली जपानच्या आसाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांनी ऋण ध्रुवावर लिथियम धातूऐवजी कार्बन वापरला. आता शुद्ध धातू कोठेच नव्हता; केवळ लिथियमचे आयन या ध्रुवाकडून त्या ध्रुवाकडे ये-जा करीत. 'लिथियम-आयन' हे नाव त्यावरूनच आले.

६/२४
योशिनो यांनी या बॅटरीची परीक्षा घेतली ती लोखंडाचे वजन तिच्यावर टाकून. काहीही घडले नाही. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर तेच वजन टाकले, तेव्हा मोठा स्फोट झाला. लिथियम-आयन बॅटरीचा खरा जन्म त्या क्षणी झाला, असे योशिनो मानतात. १९९१ साली सोनीने ही बॅटरी बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत १८६५० हा तिचा सर्वाधिक रूढ आकार ठरला. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

७/२४
येथे एक बाब नीट ध्यानात घेतली पाहिजे. 'सुरक्षित' ठरलेला हा सेल एकट्याने वावरण्यासाठी घडवलेला नव्हता. त्याच्या आतील द्रव ज्वालाग्राही असतो. सेल प्रमाणाबाहेर तापला की आतील रासायनिक क्रिया आणखी उष्णता निर्माण करतात, त्या उष्णतेने क्रिया अधिक वेग घेतात आणि मग हे चक्र बाहेरून थांबवता येत नाही. म्हणून अभियंत्यांनी त्याभोवती कुंपण घातले: बंद प्लास्टिकची पेटी आणि व्होल्टेज, प्रवाह व तापमान यांवर पाळत ठेवणारे सर्किट. ग्राहकाने पेटी विकत घ्यायची. सेल पाहायचाही नाही.

८/२४
कुंपण असूनही अपघात घडत. २००६ साली लॅपटॉप पेटल्याच्या घटनांनंतर डेल कंपनीने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. ॲपलनेही सुमारे १८ लाख. उत्पादनाच्या वेळी धातूचे सूक्ष्म कण सेलमध्ये शिरल्याचे कारण पुढे आले. या प्रसंगात दोष कोणाचा आणि भरपाई कोणाची, हे स्पष्ट होते. निवड उत्पादकाची होती, म्हणून जबाबदारीही उत्पादकाचीच होती. ई-सिगारेटने नेमका हाच हिशेब उलटा केला.

९/२४
ई-सिगारेटची कल्पना लिथियम-आयनपेक्षा जुनी आहे. हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकी गृहस्थाने १९६३ साली 'धूररहित, तंबाखूविरहित सिगारेट'च्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ साली ते त्याला मिळाले. बॅटरीवर तापवलेली, सुगंधित, दमट हवा ओढायची अशी ती योजना होती. ती बाजारात कधी आली नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः होन लिक या चिनी औषधनिर्मात्याला दिले जाते. त्याने २००३ साली आपले उपकरण सिद्ध केले. तो स्वतः धूम्रपान करीत असे आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले होते.

१०/२४
सुरुवातीच्या ई-सिगारेटी खऱ्या सिगारेटसारख्याच बारीक असत. एवढ्याशा नळीत मावणारा सेलही इवलासाच. तो काही तासांत संपे आणि वाफही बेताचीच निघे. सिगारेट सोडू पाहणाऱ्याला ती पुरत नसे. पुढे जाड पेनसारखी उपकरणे आली. त्यांच्या बॅटरीची क्षमता ६५० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असे. याच काळात एकटा १८६५० सेल २,००० मिलिअँपिअर-तासांच्या पुढे गेलेला होता. हौशी मंडळींची नजर त्याच्याकडे वळली, यात नवल नाही.

११/२४
मराठीत टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्यात घालतात तो 'सेल'. हा भेद येथे अगदी चपखल बसतो. २००८ च्या सुमारास हौशी कारागिरांनी टॉर्चसारख्या धातूच्या नळकांड्यात मोठा सेल बसवून त्यावर तापणारी तार, म्हणजे कॉइल, जोडण्यास सुरुवात केली. या घरगुती फेरफारातून 'मॉड' हा शब्द रूढ झाला आणि लवकरच मॉड तयार करून विकणारे कारखानेही उभे राहिले. उपकरण एका दुकानातून, सेल दुसऱ्याकडून, कॉइल घरी वळलेली, अशी ही व्यवस्था होती. कुंपण आपोआप गळून पडले.

१२/२४
त्यांतला सर्वांत साधा प्रकार म्हणजे 'मेकॅनिकल मॉड'. त्यात कोणतेही इलेक्ट्रॉनिक सर्किट नसे. बटण दाबले की सेलचे एक टोक कॉइलला भिडे, एवढीच यंत्रणा. फ्यूज नाही, तापमानाची पाळत नाही, बटण अडकले तर थांबवणारे काही नाही. लॅपटॉपच्या पेटीत जे काम सर्किट करीत होते, ते आता वापरणाऱ्याने स्वतःच्या डोक्याने करायचे होते. त्यासाठी त्याला १८२७ साली गेऑर्ग ओहम याने मांडलेला नियम शिकावा लागला.

१३/२४
हिशेब शाळेतलाच आहे: व्होल्टेज भागिले रोध म्हणजे प्रवाह. पूर्ण भारित सेल ४.२ व्होल्टचा असतो. कॉइलचा रोध ०.५ ओहम असेल तर प्रवाह ८.४ अँपिअर. ०.२ ओहम असेल तर २१ अँपिअर. ०.१ ओहम असेल तर तब्बल ४२ अँपिअर. तार थोडी जाड घेतली, एखादा वेढा कमी दिला, की रोध उतरतो आणि प्रवाह झपाट्याने चढतो. अधिक वाफेच्या हौसेपायी नवखे लोक रोध उतरवीत गेले. सेलला तो प्रवाह पेलेल का, हा प्रश्न अनेकांच्या मनातही आला नाही.

१४/२४
कारण बहुतेकांनी सेल निवडला तो चुकीचा आकडा पाहून. मोबाइलच्या जाहिरातींनी लोकांना मिलिअँपिअर-तास मोजायला शिकवले होते. जितके जास्त, तितके चांगले. पण हा आकडा साठ्याचा आहे. टाकीत पाणी किती आणि तोटीतून एका वेळी किती सोडता येईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनासॉनिकचा एक प्रसिद्ध सेल ३,४०० मिलिअँपिअर-तासांचा होता. पण अखंड प्रवाह त्याने पाच अँपिअरच्या आसपासच द्यावा, अशी त्याची घडण होती. लॅपटॉपला तो उत्तम होता. ०.२ ओहमच्या कॉइलवर तोच सेल धोकादायक ठरे.

१५/२४
जास्त प्रवाह देणारे सेल घडले ते ड्रिल मशीनसारख्या हत्यारांसाठी. २००५ साली मिलवॉकी कंपनीने लिथियम-आयनवर चालणारी हत्यारे आणली. त्यांतील मँगनीजयुक्त सेल मोलीचे होते. १९८९ साली कोसळलेली कंपनी नव्या मालकांच्या हाती पुन्हा उभी राहिली होती. याच धाटणीचे १८६५० सेल पुढे ई-सिगारेटींत आले. सॅमसंगचा '२५आर' हा २,५०० मिलिअँपिअर-तासांचा होता, एलजीचा 'एचजी२' हा ३,००० चा. पण दोन्ही २० अँपिअर अखंड प्रवाह देत. साठ्यात पॅनासॉनिकहून कमी, कामाला मात्र योग्य.

१६/२४
सेलवरील अक्षरांतही अर्थ होता. पहिले 'आय' लिथियम-आयनचे, शेवटचे 'आर' गोल आकाराचे, आणि मधले अक्षर रसायनाचे: 'सी' म्हणजे कोबाल्ट, 'एम' म्हणजे मँगनीज, 'एन' म्हणजे निकेलयुक्त मिश्रण. कोबाल्टचे सेल साठ्यात चांगले, पण उष्णतेपुढे नाजूक. मँगनीजचे त्या मानाने सोशिक. म्हणून नवख्याला जाणती मंडळी सांगत, की 'आयसीआर' लिहिलेला सेल मॉडमध्ये घालू नये. तरीही एवढ्याने भागत नसे, कारण अंतिम मर्यादा अक्षर सांगत नाही, त्या विशिष्ट सेलचे तांत्रिक पत्रक सांगते.

१७/२४
त्यात लबाडीची भर पडली. सेल कोणाचाही घ्यावा, त्यावर नवे रंगीत प्लास्टिक चढवावे आणि मनास येईल तो आकडा छापावा, असा व्यापार फोफावला. बाजारात ५,०००, एवढेच काय ९,९०० मिलिअँपिअर-तासांचा दावा करणारे १८६५० विकले जात. त्या काळी ३,६०० च्या पुढचा अस्सल १८६५० अस्तित्वातच नव्हता. क्षणभर पेलणारा प्रवाह 'अखंड' म्हणून छापणे, ही त्याहून छुपी युक्ती. काही हौशी परीक्षक स्वतः सेल विकत घेऊन यंत्रांवर मोजत आणि खरे आकडे प्रसिद्ध करीत. नवख्यासाठी छापील वेष्टनापेक्षा हेच कोष्टक अधिक भरवशाचे होते.

१८/२४
आणखी एक धोका रचनेतच दडलेला होता. या सेलचे वरचे छोटे टोक धन असते. उरलेला संपूर्ण धातूचा डबा ऋण. वरच्या कडेशी या दोन्हींत केवळ एक चकती आणि पातळ प्लास्टिकचे वेष्टन असते. वेष्टन जरासे फाटले आणि सेल धातूच्या नळकांड्यात गेला, की शॉर्ट सर्किट. सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांसोबत ठेवला तरी तेच. अशा वेळी प्रवाह शंभर अँपिअरच्याही पुढे जाऊ शकतो. पेन्सिल सेलची सवय येथे सर्वाधिक घातक ठरली.

१९/२४
काही वर्षांत सर्किट असलेल्या मॉडचा प्रसार झाला. त्या रोध मोजत, शॉर्ट ओळखत, सेल फार उतरला की थांबत. पण हिशेब टळला नाही, उलट त्याची दिशा बदलली. मेकॅनिकल मॉडमध्ये सेल उतरत जातो तसा प्रवाह घटतो. येथे सर्किट ठरलेले वॅट राखते, म्हणून व्होल्टेज उतरले की प्रवाह वाढतो. एका सेलवर ६० वॅट आणि सेल ३.२ व्होल्टवर आलेला, म्हणजे सुमारे १९ अँपिअर. दोन सेलच्या मॉडमध्ये दोघे एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले आणि कायम जोडीने वापरलेले असावेत, हा दंडक त्यामुळेच पडला.

२०/२४
शिकण्याची किंमत अनेकांनी शरीराने मोजली. २०१२ साली फ्लोरिडात ई-सिगारेटच्या स्फोटात एका माणसाचे काही दात आणि जिभेचा तुकडा गेला. ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ या नऊ महिन्यांत सिॲटलमधील एकाच वैद्यकीय केंद्रात अशा स्फोटांनी जखमी झालेले १५ रुग्ण आले. काहींची कातडी ज्वाळेने भाजली होती, तर काहींची सेलमधील रसायनाने. २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्ससमध्ये स्फोटाने प्रत्येकी एकाचा बळी घेतला.

२१/२४
अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील १९५ घटना नोंदवल्या आहेत. त्यांतील ६० घटना उपकरण वापरताना घडल्या आणि ४८ भारित करताना. उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडलेल्या घटना ६१ होत्या. म्हणजे जवळपास एक तृतीयांश वेळा उपकरण किंवा सेल नुसता खिशात पडलेला होता. काही रुपयांची प्लास्टिकची डबी जवळ असती, तर यांतील कित्येक मांड्या वाचल्या असत्या.

२२/२४
शासनव्यवस्था मागाहून आल्या. २०१५ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ई-सिगारेटींना विमानाच्या मालकक्षात जाणाऱ्या सामानातून मज्जाव केला. ऑगस्ट २०१६ पासून अमेरिकेत ई-सिगारेटी अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत आल्या. मोठे उत्पादक तर आधीपासून सांगत होते, की हे सेल सुटे वापरण्यासाठी नाहीत. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानेही जाहीर इशारा दिला, की १८६५० हा बॅटरीच्या पेटीचा औद्योगिक भाग आहे, ग्राहकाला सुटा विकण्याची वस्तू नाही. तोवर असे सेल दशकभर उघडपणे विकले जात होते.

२३/२४
भारतात ही निवड कायद्यानेच बाद केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. साठवण वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारण बॅटरीचे नव्हते. निकोटिनचे व्यसन आणि तरुणांचे आरोग्य हे होते. पण १८६५० सेलवर बंदी नाही. तो पॉवर बँकेत आहे, टॉर्चमध्ये आहे, आणि जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे वेष्टन चढवलेल्या रूपातही आहे.

२४/२४
ई-सिगारेटच्या नवख्याने जे हळूहळू शिकले, ते म्हणूनच कालबाह्य झालेले नाही. साठ्याआधी अखंड प्रवाहाचा आकडा पाहावा. अशक्यप्राय दावा छापलेला सेल घेऊ नये. वेष्टन फाटलेला सेल वापरू नये. सुटा सेल डबीवाचून खिशात ठेवू नये. हे चारही नियम लॅपटॉपच्या पेटीत अभियंत्यांनी आधीच पाळलेले होते आणि ग्राहकाला त्यांची नावेही ठाऊक असण्याची गरज नव्हती. पेटी उघडून सेल सुटा विकला गेला, तेव्हा त्यातली शक्ती ग्राहकाला मिळाली. हे नियम मात्र त्यासोबत कोणी दिले नाहीत. ते त्याला नंतर, बहुधा कोणीतरी भाजल्यावर, कळले.

#विज्ञानाचा_इतिहास #बॅटरी #तंत्रज्ञान #मराठी